पहिली बादली

गेल्या वर्षीचा सगळा हिवाळा माझ्या वहिनींनी थंड पाण्यानं आंघोळ केली, आणि ती माझ्यामुळं केली. वर त्यांनाच मी चार माणसांत बोललो. हे आधीच सांगून टाकतो. पुढं थंडीबद्दल, हुरड्याबद्दल, भीमेवरच्या धुक्याबद्दल लिहिताना हात सैल सुटेल आणि मुख्य गोष्ट मागं राहून जाईल, अशी मला भीती आहे. चांगल्या वर्णनाच्या आड लपायची सवय माणसाला फार लवकर लागते.

आता पुन्हा थंडी आली आहे. दौंडहून आमच्या गावी, राहूला, जाताना हमरस्ता सोडून आत वळलं की अंगाला एकदम निराळी हवा लागते. दोन्ही बाजूंना उभा ऊस आणि त्याच्या बुडातून येणारा ओला गारवा. मधेच तोड झालेलं रान, पाचट पेटवून काळं केलेलं. कोप्यांपुढं ऊसतोडीच्या बायकांच्या चुली. गुऱ्हाळावरून येणारा धूर तर इतका गोड, की त्याला धूर म्हणावंसं वाटत नाही. माझी दुचाकी विजेवर चालते. तिला आवाज नाही, म्हणून या रस्त्याचे सगळे आवाज मला ऐकू येतात. पाटाचं पाणी ऐकू येतं, उसातली सळसळ ऐकू येते, आणि ट्रॅक्टरवर लावलेली गाणी तर ट्रॅक्टर दिसायच्या आधी येतात. पेट्रोलच्या गाडीवर मी हा रस्ता वर्षानुवर्षं गेलो, पण तो ऐकला पहिल्यांदा या गाडीवरून. एवढं सुख तिनं मला दिलं आहे. बाकी तिच्या पोटात किती वीज उरली, यावर डोळा ठेवूनच राहू गाठावं लागतं, कारण तिथं पोचल्यावर ती पुन्हा भरल्याशिवाय परतता येत नाही.

मी कुरकुंभच्या एका कारखान्यात बॉयलरवर आहे. आमचा बॉयलर आधी कोळशावर चालायचा. मग तो उसाच्या चिपाडाच्या आणि भुशाच्या ठोकळ्यांवर आणला. पहिल्या पावसाळ्यात ठोकळे दमट झाले, वाफ धरेना, राखेचे दगड व्हायला लागले. आम्ही महिनोन्‌महिने झगडलो आणि शेवटी जमवलं. ज्या दिवशी चिमणीतून काळा धूर यायचा थांबला, त्या दिवशी मी बराच वेळ मान वर करून उभा होतो. बॉयलर बदलता येतो तर घर का नाही, असं तिथं उभ्याउभ्याच माझ्या मनानं घेतलं. दौंडच्या आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात फार काही करता येण्यासारखं नव्हतं. गाडी खाली चार्जिंगला लावायची, तर शेजाऱ्यांना आगीची धास्ती; ती मी कारखान्यातच भरून आणायचो. त्यामुळं मी माझा सगळा उत्साह राहूच्या घरावर नेऊन ओतला. तिथं दादा आणि वहिनी राहतात.

दादाचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत होतो. आई त्याआधीच गेली होती. वहिनी घरात आल्या आणि पहिल्याच हिवाळ्यात माझ्या सकाळी बदलल्या. त्याआधी मी आंघोळ चुकवायचो. त्या आल्यावर अंगणाच्या कडेला, न्हाणीपाशी बंब धडधडायला लागला. तुरकाठ्या, चिपाडं, कधी वाळलेली शेणी. त्या पाण्याला धुराचा वास असायचा, आणि तो वास अंगावर घेऊन मी शाळेत जायचो. आजही कुणी ऊब म्हटलं की मला तोच वास येतो. बंबाच्या राखेत त्या रताळं पुरून ठेवायच्या आणि दप्तर उचलताना ते माझ्या हातात कोंबायच्या. "भाऊजी, जपून, पोळंल," म्हणायच्या. एवढ्याशा पोराला त्या तेव्हाही भाऊजी आणि तुम्हीच म्हणत.

वहिनींचं माहेर शिरूर तालुक्याच्या कोरड्या पट्ट्यातलं. तिथं त्यांचं बालपण टँकरच्या वाटेकडं डोळे लावण्यात गेलं. राहूला नदी जवळ, पाटाला पाणी, परसात बोअर. तरी तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला आणि हात धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, हा त्यांचा नेम कधी मोडला नाही. शेजारची आक्का त्यांना डिवचायची, की नदी दाराशी अन् ही बया थेंब राखती. वहिनी हसायच्या आणि हातातला तांब्या रोपावर रिता करायच्या.

बंब पेटवताना त्या फुंकणीनं फुंकायच्या आणि खोकायच्या. त्या खोकल्याकडं आम्ही कुणी कधी लक्ष दिलं नाही. बंबाचाच तो एक आवाज, असं आम्ही धरून चाललो. मग वय वाढलं आणि खोकल्याचा दम झाला. केडगावच्या डॉक्टरांनी छाती तपासून सांगितलं, धुरापासून लांब राहा. तेव्हा मी पुढं झालो. गच्चीवर उन्हानं पाणी तापवणारं यंत्र, स्वयंपाकाला विजेची शेगडी, गॅस अडीनडीला. हे करायला हवंच होतं. आजही मी ते चूक मानत नाही. चूक पुढंच आहे.

न्हाणी अंगणाच्या एका टोकाला आणि नव्या खोलीची गच्ची दुसऱ्या टोकाला. न्हाणीवर पत्रा, त्याच्यावर टाकी बसेना. मग पाइप गच्चीवरून उतरला, भिंतीच्या कडेकडेनं सगळ्या घराला वळसा घालून न्हाणीत आला. फिटर म्हणाला, पाइप लांब पडतोय. मी म्हणालो, पडू दे. नळ बसल्यावर मी वहिनींना बोलावून दाखवलं, की हा सोडला की गरम पाणी येतं. आणि फार शहाणपणानं वर जोडलं, की पाणी उगाच सोडून ठेवायचं नाही. मी हे कुणाला सांगत होतो? कढीपत्त्याला हात धुतलेलं पाणी घालणाऱ्या बाईला.

बंब माळ्यावर गेला. दादा येईल त्याला गच्चीवर नेऊन चकाकत्या नळ्या दाखवायचा. बोअरच्या पाण्याचे क्षार त्या नळ्यांत साचतात, ढगाळ दिवसाच्या दुसऱ्या सकाळी पाणी कोमट येतं, हे सगळं हळूहळू कळत गेलं. विजेच्या शेगडीचं तर निराळंच. दिवेलागणीला गावात वीज मंदावते. दिवे पिवळे पडतात आणि शेगडी टूंटूं करून मिटून जाते. वायरिंग जुनं. जास्त वीज ओढणारी वस्तू लावायला सगळ्या घरात एकच जागा, ती स्वयंपाकघरात. तिथं शेगडी लावायची किंवा माझी गाडी. दोन्ही लावलं की खटका पडतो. हे मला माहीत होतं का? खटका पडलेला मी एकदा पाहिला होता. पण त्यानंतर मी गेलो की गाडी भरलेली असायची आणि ताटही वाढलेलं असायचं. या दोन गोष्टी एकाच बोर्डातून कशा होतात, असं माझ्या मनात आलं नाही. आयत्या ताटावर बसणाऱ्याच्या मनात असले प्रश्न येत नाहीत.

पौषात ज्वारी हुरड्याला आली. एका रविवारी मी कारखान्यातल्या दोन साहेबांना हुरडा खायला राहूला घेऊन गेलो. खरं तर मला त्यांना घर दाखवायचं होतं. एक साहेब माझ्या मागं बसले होते, दुसरे शेजारून त्यांच्या गाडीवर, आणि रस्ताभर मी त्यांना सांगत आलो होतो, की आमच्या गावाकडच्या घरात धूर नाही. शेतात दादानं आगटी केली, कणसं भाजली, हातावर चोळून दाणे पुढं केले. गुळाचा खडा, शेंगदाण्याची चटणी. साहेब खूश होते. शेणीच्या त्या आगटीतून भरपूर धूर निघत होता, तो मला दिसला नाही. पाहुण्यांसाठी केलेला धूर दिसत नाही.

तिथून आम्ही घरी आलो. मी गाडी आल्याआल्याच चार्जिंगला लावून ठेवली होती, कारण दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती. साहेबांना गच्ची दाखवली, नळ्या दाखवल्या, शेगडी दाखवायला स्वयंपाकघरात नेलं. तिथं वहिनी नव्हत्या. मागच्या दारातून धुराची एक रेघ आत येत होती.

परसात तीन दगड मांडून त्या भाकरी करत होत्या. गॅसची टाकी त्याच आठवड्यात संपलेली आणि नवी यायची होती. डोक्यावरचा पदर नाकावर ओढून, एका बाजूला मान फिरवून त्या भाकरी थापत होत्या. साहेबांपैकी एकजण हसून म्हणाला, "काय हो, धूर नाही म्हणत होता ना?" साधी चेष्टा होती. पण मला ती झोंबली.

आणि मी वहिनींशी पाहुण्यांसमोरच्या भाषेत बोललो. घरात आम्ही तसं बोलत नाही. म्हणालो, "वहिनी, किती वेळा सांगायचं तुम्हाला? एवढं सगळं करून दिलं ते कशासाठी? तुम्हाला सुधारायचंच नाही."

त्या उठून उभ्या राहिल्या. हाताला पीठ होतं. हळू आवाजात एवढंच म्हणाल्या, "गाडी लावलीय न्हवं. दोन्ही चालत न्हाई."

मला ऐकू आलं होतं. त्याचा अर्थही पोचला होता, हे आज कबूल करतो. पण शेजारी साहेब उभे होते. मी मान वळवली आणि त्यांना खतांविषयी काहीतरी सांगायला लागलो. मागं वळून पाहिलं तेव्हा वहिनी जळकी लाकडं बाहेर ओढून त्यांच्यावर माती लोटत होत्या. पाणी मारलं नाही त्यांनी. तव्यावरची भाकर अर्धी कच्ची राहिली, ती उचलून त्यांनी म्हशीपुढं टाकली. मग माझी गाडी भरेपर्यंत त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून राहिल्या. गाडी भरली, मी वायर काढली, तेव्हा शेगडी लागली आणि भाकऱ्या झाल्या. उशिरा जेवताना साहेब म्हणाले, भाकरी झकास आहे. मी म्हणालो, विजेवरची आहे.

त्या दिवसाचा विचार करताना मला रस्ता आठवतो. कारखान्यांच्या चिमण्या, पाचटाचे जाळ, दोनदोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, हमरस्त्यावरून सोलापूरकडं धावणाऱ्या गाड्यांची न तुटणारी रांग. या सगळ्यातून जाऊन मी बोललो कुणाला, तर तीन दगडांवर माझ्यासाठीच भाकरी भाजणाऱ्या बाईला. जगातला धूर कमी करायला निघालेला माणूस जिथं उलट उत्तर येणार नाही अशी जागा पहिल्यांदा शोधतो. मला ती घरातच सापडली.

थंडी ओसरायच्या सुमाराला मी पुन्हा राहूला गेलो. संध्याकाळी गावातली वीज गेली ती आलीच नाही. गाडी भरली नाही, मुक्काम करावा लागला. सकाळी वीज आल्याआल्या गाडी लावली. कामावर जायची घाई होती, म्हणून सगळ्यांच्या आधी न्हाणीत शिरलो. नळ सोडला आणि बादली भरली. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि श्वासच अडकला. पाणी बर्फासारखं. मी ओरडून दादाला विचारलं, यंत्र बिघडलंय का?

दादा अंगणात दात घासत होता. तो अगदी सहज म्हणाला, "तू आधी कशाला घुसला? तिची अंगूळ झाली का मग गरम येतं. आमचं तसंच हाय."

त्याच्या बोलण्यात काही नव्हतं. तो खरंच तसं समजत होता. सूर्य उगवतो तसं, तिची आंघोळ झाली की गरम पाणी येतं.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो. वहिनी कोरडं लुगडं हातावर टाकून उभ्या होत्या, त्यांच्या आधी मी आत शिरलो म्हणून थोड्या ओशाळलेल्या. मी विचारलं, रोज असंच येतं का? तर म्हणाल्या, "पाइपात रातभराचं गार पाणी असतंय. ते आधी निघतं. आता भरल्या बादलीचं पाणी वतून कसं द्यायचं? मग म्हटलं, आपुनच घ्यावं. बाकीच्यास्नी गरम मिळतंय."

ती पहिली बादली त्यांची होती. दिवाळीत यंत्र बसलं तेव्हापासून रोज. दम असलेल्या बाईची, पौषातल्या पहाटे, पत्र्याच्या न्हाणीत. आणि मी वर्षानुवर्षं बॉयलरवर नव्या पोरांना एकच गोष्ट शिकवत आलो आहे. वाफेची लाइन सुरू करताना पाइपात साचलेलं थंड पाणी आधी काढून टाकायचं. बिहारकडची पोरं येतात, त्यांना हिंदीत सांगतो, "पहले ठंडा निकलने दो." दिवसातून कितीदा तरी म्हणतो. वाफेच्या पाइपांना आम्ही जाड गोधडीसारखं वेष्टण घालतो, कारण उघड्या पाइपात ऊब टिकत नाही. हे सगळं मला येत होतं. ते कारखान्याच्या फाटकातून बाहेर माझ्याबरोबर आलं नाही. पोरांना सांगितलं ते वाक्य वहिनींना सांगितलं असतं, तर त्यांनी त्या पाण्याचं काहीतरी केलं असतं. म्हशीला घातलं असतं, झाडांना घातलं असतं. पण मी त्यांना सांगितलं होतं, पाणी सोडून ठेवायचं नाही. त्यांनी माझं तंतोतंत ऐकलं होतं.

त्यानंतर मी माफी मागितली, असं इथं लिहायला मला आवडलं असतं. मी फिटर घेऊन आलो. न्हाणीला लागून लोखंडी स्टँड उभा केला, टाकी आणि नळ्या तिथं हलवल्या. पाइप वावभर, दोन हात पसरल्याएवढाच राहिला, त्याला काळ्या फोमचं वेष्टण घातलं. स्वयंपाकघरातलं वायरिंग बदललं, गाडीसाठी ओसरीत वेगळा बोर्ड बसवला. पावसाळ्याच्या तोंडाशी सगळं झालं. वहिनी म्हणाल्या, बरं झालं. मी वाट बघत होतो की एवढ्यानं माझं ओझं उतरेल. आमच्याकडं पुरुष माणूस माफी अशीच मागतो. काहीतरी दुरुस्त करतो आणि समोरचा समजून घेईल म्हणून बसतो.

शब्दाचीही पंचाईत असते. 'माफ करा' आपण दारातल्या मागणाऱ्याला म्हणतो, पुढं जा म्हणून. 'सॉरी' कारखान्यात कुणाच्या पायावर पाय पडला की म्हणायचं. आईच्या जागी असलेल्या वहिनीला काय म्हणायचं? दिवाळीत फराळाच्या ताटावर मी धीर करून म्हणालो, की हुरड्याच्या दिवशी जरा चुकलंच. वहिनी म्हणाल्या, कुठं काय, चकली घ्या. आणि वाटी सरकवून उठून गेल्या.

परतताना माझी बायको शोभा गाडीवर मागं बसली होती. बिनआवाजाच्या गाडीवर टोमणाही स्पष्ट ऐकू येतो. "चुकलं म्हंजी? आपोआप चुकलं व्हय? वारा सुटला, चुकलं?" मग ती म्हणाली, "वहिनी आता फोडणी द्यायच्या आधीसुद्धा तुमच्याकडं बघत्यात. ध्यानात आलंय का?"

आलं नव्हतं. तिनं दाखवल्यावर मात्र सगळीकडं दिसायला लागलं. मी घरात असलो की वहिनी शेगडीच्या बटणाला हात लावताना विचारत. उदबत्ती लावू का, म्हणूनही एकदा विचारलं, थोडं हसत, पण विचारलं. ज्या घरात त्यांनी मला न्हाऊमाखू घातलं, त्या घरात त्या माझ्या परवानगीनं वावरायला लागल्या होत्या. न्हाणीतलं पाणी मी गरम केलं होतं. पण घर त्यांच्या हातून गेलं होतं, आणि ते नवा पाइप टाकून परत मिळणारं नव्हतं.

या वर्षी भोगीच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. आधी पोरांची चौकशी, शोभाची चौकशी. मग म्हणाल्या, "भाऊजी, भोगीच्या बाजरीच्या भाकऱ्या हायत. वाडीत द्यायच्या म्हंजी ढिगानं. शेगडीवर फुगत न्हाईत आन् गॅसवर उरकत न्हाईत. उद्याच्याला चूल पेटवली तर चालंल का? वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसंन मी. तोंडाला बांधीन."

'चालेल' हा शब्द माझ्या अगदी ओठांवर होता. प्रेमानंच म्हणणार होतो. पण म्हटला असता, तर चालू देणारा मीच राहिलो असतो, आणि पुढच्या भोगीलाही हा फोन आला असता. 'नको, धुराचा त्रास होईल' म्हटलं असतं, तरी तेच. मी म्हणालो, येतो उद्या. त्या म्हणाल्या, या की.

पाळी बदलून घेतली आणि सकाळीच निघालो. नदीकडच्या अंगाला धुकं इतकं दाट होतं, की उसाचे तुरे तेवढे वर तरंगत होते. मी पोचलो तेव्हा वहिनी परसात बसल्या होत्या. परातीत बाजरीचं पीठ, वाटीत तीळ, चुलीत लाकडं नीट रचलेली, काडेपेटी शेजारी. पेटवलं नव्हतं. मला बघून त्या हसल्या.

"चालंल म्हनायला एवढ्या लांब आलात व्हय?"

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो. दादा ओसरीतून बघत होता, शेजारची आक्का कुंपणापाशी उभी होती. असू देत, म्हटलं. बोललो होतो तेही चार माणसांतच.

"वहिनी, घर तुमचं हाय. काय पेटवायचं, कवा पेटवायचं, ते मला इचारू नका. इचारायचं मी हुतं, मी कवाच इचारलं न्हाई. हुरड्याच्या दिवशी तुम्ही माझी गाडी भरू दिली आन् सवता धुरात बसला, ते मला तवाच कळलं हुतं. कळूनशान मी तोंड फिरवलं. सबंद हिवाळा तुम्हाला गार पाण्यात ठेवलं. मी चुकलो, वहिनी. चुकलं न्हाई, मी चुकलो."